अंधेरीतील छोट्या स्टुडिओसाठी अॅनालॉग समिंग मिक्सर: घ्यावा की राहू द्यावा?

टाळकरी (अंधेरी पश्चिम)

नमस्कार मंडळी,

वीरा देसाई रस्त्याच्या आतल्या बाजूस माझा छोटा स्टुडिओ आहे. एक कंट्रोल रूम आणि एक बूथ, एवढाच त्याचा पसारा. काम मुख्यतः अभंग आणि भावगीतांच्या अल्बमचे असते. अधूनमधून मालिकांची शीर्षकगीते आणि जिंगल्सही येतात. मिक्सिंग आजवर पूर्णपणे संगणकातच होत आले आहे. इंटरफेसला (संगणक आणि ध्वनियंत्रे जोडणारे उपकरण) आठ लाइन आउटपुट आहेत, एडॅटवरून (डिजिटल आवाज नेणारी ऑप्टिकल जोडणी) जोडलेला आणखी एक आठ चॅनेलचा कन्व्हर्टर (डिजिटल आवाजाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र) आहे आणि ट्रान्सफॉर्मर असलेला दोन चॅनेलचा माइक प्रीअॅम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) आहे, जो रेकॉर्डिंग नसताना नुसता पडून असतो.

अडचण अशी की अभंगात पखवाज, टाळ, पेटी, बासरी आणि कोरस एकदम येतात तेव्हा मिक्स दाटते. मुख्य गायकाला पुढे आणावे तर कोरस लहान होतो, आणि कोरसला जागा द्यावी तर पेटी आणि पखवाजाचा बायाँ (डावे, खर्जाचे तोंड) एकमेकांत मिसळून जातात. मागील महिन्यात हेच सेशन गोरेगावातील एका मित्राच्या स्टुडिओत सोळा चॅनेलच्या समिंग मिक्सरमधून (संगणकातील ट्रॅक बाहेर काढून त्यांची बेरीज करणारे यंत्र) ऐकले, तेव्हा कोरस दोन्ही बाजूंना मोकळा झाल्यासारखा आणि पखवाज भरदार झाल्यासारखा वाटला. त्यानंतर एका विक्रेत्याकडे चौकशी केली असता त्यांनी सांगितले की सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची बेरीज करताना आवाजाची खोली नष्ट होते, आणि ती परत मिळवायची तर बेरीज बाहेरच करायला हवी.

हे विधान कितपत खरे आहे? माझ्यापाशी अडीच-तीन लाख रुपये आहेत. ते समिंग मिक्सरवर खर्च करावेत, की आणखी कशावर, याविषयी ज्यांनी ही यंत्रे प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांचे मत हवे आहे.

शून्य_डेसिबल (मुलुंड)

विक्रेत्याचे विधान आजच्या सॉफ्टवेअरला लागू पडत नाही. त्याला एक जुना आधार मात्र आहे, म्हणून आधी तो सांगतो.

प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या, टीडीएम प्रणालीच्या काळात मिक्सर ४८ बिटचा, फिक्स्ड पॉइंट पद्धतीचा (आकड्यांना ठरलेली मर्यादा असलेला) होता. पण एका प्लगइनकडून (ध्वनीवर प्रक्रिया करणारा जोड-प्रोग्रॅम) दुसऱ्याकडे जाणारा ध्वनी २४ बिटच्या मार्गावरून जात असे. त्या मार्गावर कमाल पातळी ओलांडली की क्लिपिंग होई (ध्वनिलहरीचे टोक कापले जाई) आणि पुढचा फेडर खाली ओढून ते दुरुस्त होत नसे. शिवाय टेपची सवय असलेले बहुतेक रेकॉर्डिस्ट प्रत्येक ट्रॅक मीटरच्या माथ्यापर्यंत भरून घेत. असे चाळीस ट्रॅक एका मास्टरवर (शेवटच्या एकत्रित चॅनेलवर) आणून टाकले की आवाज कर्कश होणारच. तेच ट्रॅक आठ-आठच्या गटांनी बाहेर काढून बाहेर मिसळले की मास्टरवरचा भार हलका होई आणि ऐकायला बरे वाटे. समिंग मिक्सरची कीर्ती त्या दिवसांतील आहे. २०११ मध्ये प्रो टूल्स १० आणि त्याचे एचडीएक्स हे हार्डवेअर आल्यावर प्रक्रिया ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटची (फार मोठे आणि फार लहान आकडे सांभाळणारी) आणि मिक्सरची बेरीज ६४ बिटची झाली. आज ३२ बिट फ्लोटमध्ये केलेल्या एका बेरजेतील चूक त्या ध्वनीच्या सुमारे १४४ डेसिबल खाली असते आणि एकूण आवाका दीड हजार डेसिबलहून अधिक भरतो. तुमच्या कन्व्हर्टरचा आवाका फार तर १२० डेसिबल असेल. तेव्हा बेरजेत खोली हरवते असे म्हणणे म्हणजे सोनाराच्या काट्यावर भाजी मोजून वजनात खोट काढण्यासारखे आहे.

उलट बाहेरच्या बेरजेत भर पडते ती खरखरीची. सोळा कन्व्हर्टरची सोळा आउटपुट एकत्र आली की त्यांची स्वतंत्र खरखर एका आउटपुटच्या तुलनेत १२ डेसिबलने वाढते, कारण चॅनेल दुप्पट झाले की ती दर वेळी ३ डेसिबलने चढते. पखवाज आणि टाळ चालू असताना हे कानाला कळणार नाही, परंतु नुसता तानपुरा आणि आलाप असेल तर शांत खोलीत कळू शकते.

तरीही गोरेगावात तुम्हाला फरक ऐकू आला, आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्याची संभाव्य कारणे मात्र बेरजेखेरीज बरीच आहेत. खोली वेगळी होती आणि स्पीकर वेगळे होते. बाहेरून फिरून आलेला आवाज अर्धा डेसिबल जरी मोठा असला, तरी तो मोठा न वाटता चांगला वाटतो. तुमच्या सेशनमध्ये मास्टरवर कॉम्प्रेसर किंवा लिमिटर (आवाजाचे चढ दाबणारी साधने) असेल, तर स्टेम (एकत्र केलेले वाद्यगट) थेट बाहेर काढताना ते बहुधा वळसा घालून टाळले गेले असतील. मोकळेपणाचे हे सर्वांत सामान्य कारण मी पाहिले आहे. आणि पॅनच्या (आवाज डावी-उजवीकडे ठेवण्याच्या) नियमाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. काही सॉफ्टवेअर मध्यभागी ठेवलेला मोनो ट्रॅक ३ डेसिबलने उतरवतात. तोच ट्रॅक एकट्या आउटपुटवरून बाहेर नेऊन समिंग मिक्सरच्या मध्यावर ठेवला की तेथील नियम वेगळा असतो. गायक आणि पखवाज, दोघेही मध्यभागी. त्यांची पातळी बदलली की कोरसचे कडेला सरकणे आपोआप घडते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी मित्राकडे पुन्हा जा आणि तुलना नीट करा. संगणकातील मास्टर पूर्ण रिकामा ठेवा आणि आठ स्टीरिओ स्टेम तयार करा. तेच स्टेम एकदा आतल्या आत मिसळा आणि एकदा मिक्सरमधून फिरवून त्याच इंटरफेसवर परत रेकॉर्ड करा, म्हणजे दोन्ही एकाच क्लॉकवर राहतील. दोन्ही फाइलींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. एक फाइल उलट्या फेजने (लहर उलटी करून) दुसरीवर टाकून काय उरते तेही ऐकावेसे वाटेल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की पातळीत ०.१ डेसिबलचा फरक राहिला तरी उरलेला आवाज केवळ ३९ डेसिबल खाली जातो, आणि ४८ किलोहर्ट्झवर एका सॅम्पलचा जरी विलंब राहिला तरी १० किलोहर्ट्झला ७५ अंशांचा फेज फरक पडतो. त्यामुळे उरलेले सगळे म्हणजे मिक्सरची जादू, असे समजू नये. शेवटी कोणा दुसऱ्याला बटण दाबायला सांगून, कोणती फाइल चालू आहे हे न पाहता ऐका.

माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या खोलीच्या कोपऱ्यांत जाड बेस ट्रॅप (खर्ज शोषणारे पॅनेल) नसतील, तर पेटी आणि बायाँ मिसळतात ते मिक्समध्ये की खोलीत, हेच तुम्हाला आज ठाऊक नाही. पैसे आधी तिथे घाला.

जुना_फेडर (परळ)

शून्य_डेसिबल यांनी बेरजेविषयी लिहिलेले सगळे मला मान्य आहे. परंतु समिंग मिक्सरचा प्रश्न बेरजेपाशी संपतो असे मला वाटत नाही. मी स्वतः सोळा चॅनेलचा मिक्सर नियमित वापरतो, आणि त्याची बेरीज अचूक आहे म्हणून वापरत नाही. ती किंचित चुकते, आणि कुठे चुकते ते मला ठाऊक आहे, म्हणून वापरतो.

ही यंत्रे एका जातीची नसतात, हे आधी समजून घ्यावे. रोल म्युझिकचा फोल्क्रॉम पूर्णपणे पॅसिव्ह (विजेवर न चालणारा) आहे. आत केवळ रेझिस्टर आणि बटणे. त्याचा स्वतःचा असा रंग जवळपास नाही, जो काही रंग येतो तो त्याच्यामागे जोडलेल्या माइक प्रीअॅम्पचा. डेंजरस म्युझिकचे टू-बस एलटी हे स्वच्छ, अॅक्टिव्ह यंत्र आहे. जसे दिले तसे ते परत देते. रुपर्ट नीव्ह डिझाइन्सच्या ५०५७ ऑर्बिटमध्ये आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आणि सिल्क नावाचे नियंत्रण आहे. तेथे रंग हवा तेवढा वाढवता येतो. या तिघांना एकाच पंक्तीत बसवून समिंग चांगले की वाईट असा वाद घालणे निरर्थक आहे.

आता रंग म्हणजे काय, ते सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा चुंबकीय भार व्होल्टेज वाढले की वाढतो आणि कंप्रता कमी झाली की तोही वाढतो. एकाच पातळीवर ८० हर्ट्झचा सूर १६० हर्ट्झच्या सुरापेक्षा गाभ्याला दुपटीने भरतो. म्हणून रंग चढतो तो आधी खर्जावर, आणि त्यात मुख्यतः तिसरा हार्मोनिक (मूळ कंप्रतेच्या तिपटीचा सूर) असतो. पखवाजाची धूम त्यामुळे छोट्या स्पीकरवरही ऐकू येऊ लागते, कारण ८० हर्ट्झच्या जोडीला २४० हर्ट्झला थोडे काही निर्माण होते. तुम्हाला गोरेगावात पखवाज भरदार वाटला त्याचे एक कारण हे असू शकते.

मात्र हा रंग बेरजेच्या आधी लागतो की नंतर, यावर सगळा परिणाम अवलंबून आहे, आणि याविषयी फार थोडे लिहिले जाते. समजा पेटीचा एक स्वर २०० हर्ट्झचा आहे आणि कोरसचा ३३० हर्ट्झचा. दोन्ही स्वतंत्रपणे ट्रान्सफॉर्मरमधून गेले तर ६०० आणि ९९० हर्ट्झला त्यांचे आपापले तिसरे हार्मोनिक मिळतील, जे त्या वाद्याचेच वाटतात. दोन्ही आधी मिसळून मग एकाच ट्रान्सफॉर्मरमधून गेले, तर त्याखेरीज ७० आणि ४६० हर्ट्झला असे सूर उमटतील जे कोणीच वाजवलेले नाहीत. प्रमाण थोडे असेल तर सगळे मिक्स एकत्र बांधल्यासारखे वाटते, जास्त झाले तर गढूळ होते. टाळकरी यांची तक्रार मुळातच दाटण्याची आहे. अशा मिक्सवर बेरजेनंतरचा रंग भरपूर लावला तर तक्रार वाढेल. त्यांना हवा आहे तो पखवाजाला वेगळा आणि कोरसला वेगळा, बेरजेपूर्वीचा रंग.

आणि त्यासाठी समिंग मिक्सर लागतच नाही. त्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मरचा दोन चॅनेलचा प्रीअॅम्प पडून आहे. लाइन पातळीचा पखवाज २० डेसिबलचा पॅड (पातळी कमी करणारा घटक) लावून त्यातून फिरवावा आणि परत रेकॉर्ड करून घ्यावा. गेन वाढवत जावे, जिथे थाप सुटी ऐकू येणे थांबेल त्याच्या थोडे अलीकडे थांबावे. टाळाला हात लावू नये. त्याच्या वरच्या सुरांवर ट्रान्सफॉर्मरचा परिणाम नगण्य असतो.

मग मी तरीही ते यंत्र का ठेवले आहे? आठ जोड्यांपलीकडे काही नेता येत नाही, म्हणून. ऐंशी ट्रॅकचे सेशन आले की पहिला निर्णय घ्यावा लागतो की कोण कोणाबरोबर बसेल: पखवाज आणि तबला एका जोडीवर, सगळी साइड रिदम दुसऱ्या, पेटी आणि सारंगी तिसऱ्या, कोरस चौथ्या, आणि गायक एकटा. हा निर्णय एकदा झाला की पुढचे मिक्स अर्धे सोपे होते. हे संगणकातही करता येते हे मला माहीत आहे. तेथे मी करत नाही, एवढेच. आमच्या परळात राजकमल कलामंदिर या चित्रपट स्टुडिओत मंगेश देसाई री-रेकॉर्डिंग (चित्रपटाच्या आवाजाचे अंतिम मिश्रण) करत तेव्हा अडचण नेमकी हीच असे. समोरच्या फेडरांवर मावेल तेवढेच हातात, बाकीचे आधीच कोणीतरी ठरवून, मिसळून आणायचे. त्या पद्धतीने विचार करण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे यंत्र सोयीचे पडते. ज्यांना नाही त्यांनी केवळ शिस्त लागावी म्हणून तीन लाख घालवू नयेत.

सोल्डरचा_धूर (गिरगाव)

मी मिक्स करत नाही. स्टुडिओंची वायरिंग आणि दुरुस्ती करतो. त्यामुळे आवाजाच्या सौंदर्याविषयी न बोलता, मुंबईत हे यंत्र रॅकमध्ये बसवल्यावर काय काय होते ते लिहितो.

पहिली गोष्ट पातळीची. ट्रान्सफॉर्मरचा रंग वाचून लोक यंत्र आणतात आणि मग मला फोन करतात की काहीच फरक पडत नाही. मोठ्या स्टुडिओतील कन्व्हर्टर ० डीबीएफएसला (डिजिटल कमाल पातळीला) +२४ डीबीयूपर्यंत (तारेवरील विद्युत पातळीचे एकक) देतात. छोट्या इंटरफेसपैकी अनेक +१६ ते +१८ डीबीयूवरच थांबतात. स्टेमची सरासरी −१८ डीबीएफएसवर ठेवली तर प्रत्यक्षात तारेवर ० डीबीयू किंवा त्याहून कमी येते, आणि तेवढ्याने ट्रान्सफॉर्मर जागचा हलत नाही. आपल्या इंटरफेसची कमाल पातळी माहितीपत्रकात पाहावी आणि मगच रंगाच्या गोष्टी कराव्यात.

दुसरी गोष्ट एडॅटची. टाळकरी यांचे पहिले आठ आउटपुट इंटरफेसचे आणि पुढचे आठ दुसऱ्या कन्व्हर्टरचे असतील. ४८ किलोहर्ट्झला एका ऑप्टिकल केबलवर आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. म्हणजे ९६ वर काम करायचे ठरवले तर सोळाचे बारा होतात. शिवाय दोन कन्व्हर्टरचा अंतर्गत विलंब सारखा नसतो, काही सॅम्पलचा फरक राहतोच. वेगवेगळ्या वाद्यांना त्याने काही होत नाही. पण पखवाजाचा मूळ ट्रॅक पहिल्या आठांत आणि त्याचीच कॉम्प्रेस केलेली जोड-प्रत दुसऱ्या आठांत ठेवली तर दोघांत फेजचा घोळ होऊन थाप पोकळ होते. एकाच मूळ आवाजातून निघालेल्या सगळ्या गोष्टी एकाच कन्व्हर्टरवर ठेवा, किंवा विलंब मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरून काढा.

तिसरी गोष्ट विजेची, आणि माझे निम्मे काम यातच जाते. समिंग मिक्सर म्हणजे संगणक आणि रॅक यांच्यामध्ये सोळा नव्या तारा. अर्थ लूपला सोळा नवे रस्ते. जुन्या इमारतींत एका खोलीतील दोन प्लग पॉइंट वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जातात, आणि मग ५० हर्ट्झची घुरघुर किंवा १०० हर्ट्झची चरचर मिक्समध्ये शिरते. तुमच्यासारख्या संगीताच्या कामात ती जास्त खटकते. गायकाचा षड्ज पांढरी एकवर असेल तर ५० हर्ट्झचा सूर मंद्राच्याही खालच्या पंचमापाशी येतो, आणि नेमका पंचम नव्हे, तर अर्धस्वराच्या सुमारे एकतृतीयांशाने चढा. तानपुऱ्याशेजारी तो बेसूर पंचम लपत नाही. उपाय असा की संगणक, कन्व्हर्टर आणि रॅक यांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी आणि सगळीकडे बॅलन्स्ड केबल (दोन संकेत-तारा आणि शील्ड असलेल्या) वापराव्यात. तरी आवाज राहिला तर केबलचे शील्ड एका टोकाला सोडून पाहावे. अर्थची पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते कृपया करू नये. शॉक लागून जीव जातो.

पावसाळ्याबद्दल एक वाक्य पुरेसे आहे: समुद्रापासून जवळ असलेल्या स्टुडिओत पॅच-बे (जोडण्या बदलण्याचे पॅनेल) आणि डीबी-२५ (पंचवीस पिनांचे) कनेक्टर वर्षातून एकदा तरी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा आणि एसी बंद असतानाही रॅकमध्ये सिलिका जेल ठेवा.

आता खर्चाविषयी. टाळकरी यांच्याकडे प्रीअॅम्प आहे, मग पॅसिव्ह समिंगची पेटी घरी बनवता येते. बेत अगदी साधा आहे: आठ चॅनेल डावीकडे, आठ उजवीकडे, पॅनची बटणे नाहीत. प्रत्येक चॅनेलच्या हॉट आणि कोल्ड (सुलट आणि उलट संकेत नेणाऱ्या) तारेला एकेक १० किलोओहमचा, एक टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रेझिस्टर, म्हणजे एकूण ३२. आणि प्रत्येक बाजूच्या बसवर (सगळे चॅनेल एकत्र येतात त्या तारांवर) हॉट-कोल्डच्या मध्ये २०० ओहमचा एक. आठ चॅनेल एकत्र आल्याने १८ डेसिबल कमी होतात आणि २०० ओहममुळे आणखी बावीस-तेवीस; प्रीअॅम्पचा भार धरून एकूण घट ४० ते ४२ डेसिबल. तेवढा गेन कोणताही चांगला माइक प्रीअॅम्प सहज देतो. तो २०० ओहम यासाठी की प्रीअॅम्पला समोर माइकच जोडला आहे असे वाटावे. +४ डीबीयूचा स्टेम या पेटीतून साधारण −३७ डीबीयूवर बाहेर पडतो. प्रीअॅम्पची स्वतःची खरखर −१२७ डीबीयूच्या आसपास असेल तर मधले अंतर ९० डेसिबल राहते, जे अभंगाला पुरून उरते. फँटम पॉवर (प्रीअॅम्पकडून माइकला जाणारी वीज) बंद ठेवण्याची आठवण प्रीअॅम्पवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, कनेक्टर आणि पत्र्याची पेटी मिळून काही हजारांच्या वर खर्च जाणार नाही. त्यातही महाग असतात ते कनेक्टर.

शून्य_डेसिबल (मुलुंड)

जुना_फेडर यांच्या बेरजेपूर्वीच्या रंगाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. माझ्या पहिल्या उत्तरात तो यायला हवा होता असे कोणी म्हणेल, पण मूळ प्रश्न बेरजेचा होता. एक व्यावहारिक बाब मात्र राहिली. जिंगलचे काम करणाऱ्यांना ठाऊक असते की एजन्सीकडून रात्री उशिरा निरोप येतो: गायिका थोडी वर, सारंगी थोडी खाली, आणि तीस सेकंदांचे वीस करून सकाळपर्यंत पाठवा. संगणकातील मिक्स दोन मिनिटांत बाहेर पडते. समिंगमधून गेलेले मिक्स प्रत्यक्ष वेळेत पुन्हा वाजवून रेकॉर्ड करावे लागते आणि त्याआधी प्रीअॅम्पची प्रत्येक खुंटी मागच्या जागी आणावी लागते. फोटो काढून ठेवले तरी ती तंतोतंत येत नाही.

त्याहून मोठी अडचण स्टेम देण्याची आहे. मालिका आणि चित्रपटवाले आता मिक्सबरोबर स्टेमही मागतात. प्रत्येक स्टेम एकेकटा समिंगमधून काढला तर त्यांची बेरीज मूळ मिक्सइतकी येत नाही, कारण एकत्र असताना ट्रान्सफॉर्मरवर पडणारा भार एकेकट्याला पडत नाही. अॅटमॉसचे (श्रोत्याभोवती आणि वरूनही आवाज ठेवण्याच्या पद्धतीचे) काम आले तर स्टीरिओ समिंगचा तेथे काही उपयोगच नाही. तेव्हा अल्बमसाठी एक मार्ग आणि जिंगल-मालिकांसाठी दुसरा, अशी विभागणी टाळकरी यांना करावीच लागेल.

टाळकरी (अंधेरी पश्चिम)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोरेगावच्या मित्राकडे जाऊन सांगितल्याप्रमाणे तुलना केली. मास्टरवर माझा एक कॉम्प्रेसर होता आणि तो पहिल्या वेळी खरोखरच वळशात पडला होता. तो दोन्हीकडून काढून, पातळी जुळवून, मित्राच्या बहिणीला बटणावर बसवून ऐकले. कोरसच्या रुंदीत मला किंवा मित्राला काही फरक सांगता आला नाही. पखवाजाचा फरक मात्र दोघांनीही दर वेळी बरोबर ओळखला. विशेषतः धूम संपता संपता जो घुमारा राहतो तो मिक्सरमधून थोडा जाड येत होता.

त्यानंतर जुना_फेडर यांनी सांगितल्याप्रमाणे घरी पखवाज एकटा पॅड लावून माझ्या प्रीअॅम्पमधून फिरवला. मला हवा होता तो भरदारपणा बहुतांश त्यातच मिळाला आणि पेटी पूर्वीपेक्षा सुटी राहिली. त्यामुळे समिंग मिक्सर घेण्याचा विचार सोडला आहे. कोपऱ्यांसाठी रॉकवूलचे बेस ट्रॅप करून घेण्यास सुताराला सांगितले आहे. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते खोली मोजल्यावर पाहू. मात्र सोल्डरचा_धूर यांची पेटी बनवून पाहण्याचा मोह आवरत नाही, कारण तिचा खर्च एका चांगल्या केबलइतका आहे आणि ज्या अल्बममध्ये सगळे वादक एकत्र बसून वाजवतात तेथे बेरजेनंतरचा थोडा रंग कसा लागतो हे मला ऐकायचे आहे. अडचण एकच: माझ्या दुसऱ्या कन्व्हर्टरचे आउटपुट डीबी-२५ वर आहे आणि कोणती पिन कोणाची हे त्यावर कुठेही लिहिलेले नाही.

सोल्डरचा_धूर (गिरगाव)

बहुतेक कन्व्हर्टरवर टास्कॅमची जोडणी असते; यामाहाची वेगळी असते, म्हणून आधी मल्टिमीटर लावून खात्री करून घ्या. टास्कॅम पद्धतीत पहिल्या चॅनेलचा हॉट २४, कोल्ड १२ आणि शील्ड २५. दुसऱ्याचे याच क्रमाने १०, २३ आणि ११. तिसऱ्याचे २१, ९ आणि २२. चौथ्याचे ७, २० आणि ८. पाचव्याचे १८, ६ आणि १९. सहाव्याचे ४, १७ आणि ५. सातव्याचे १५, ३ आणि १६. आठव्याचे १, १४ आणि २. पिन १३ रिकामी राहते.

सोल्डर करताना पिनांचे आकडे कनेक्टरच्या प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात तेच पाहा. जाळ्यावरच्या चित्रांत पुष्कळदा पुढची बाजू आणि मागची बाजू यांची अदलाबदल झालेली असते. पेटीचा पत्रा अर्थला एकाच ठिकाणी जोडा, आणि सगळ्या शील्ड तारा त्याच बिंदूवर आणा. जोडणी झाल्यावर प्रीअॅम्पचा गेन शून्यावर ठेवून, एकेका आउटपुटवरून १ किलोहर्ट्झचा सूर −१८ डीबीएफएसवर पाठवून सोळाही चॅनेलची पातळी मीटरवर लिहून काढा. एखादा चॅनेल इतरांपेक्षा ६ डेसिबलने खाली आला तर त्याच्या हॉट किंवा कोल्डपैकी एक तार सुटलेली आहे.